कारमध्ये स्वतः लावलेले एलईडी लुकलुकतात, मंद होतात, सारखे जातात: कुठून तपासायला सुरुवात करायची

लक्षणं साधारण अशी असतात:

- इंजिन बंद असताना स्ट्रिप नीट लागते. गाडी सुरू केली की लुकलुकते, किंवा रेस दिल्यावर उजेड कमी-जास्त होतो.
- स्ट्रिपमधले तीन-तीन एलईडी एकदम जातात, शेजारचे मात्र चालू राहतात.
- इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो.
- दिवा बंद केला तरी एलईडी अंधूक पेटलेला राहतो.
- ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो.
- डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते, पण दिवा तर लागलेला असतो.
- फ्यूज उडतो, आणि तोही कधीमधी: खड्ड्यात, पावसात किंवा दार उघडताना.
- दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही.
- दिवे लावले की रेडिओत खरखर सुरू होते.

यातलं काहीही दिसलं की पहिला हात नव्या एलईडीकडे जातो. एलईडी बदलला की आठवडाभर बरं चालतं आणि मग तेच पुन्हा सुरू होतं, कारण मूळ दोष जागेवरच असतो. तो बहुतेक वेळा जोडात असतो, अर्थिंगमध्ये असतो, किंवा गाडीत बारा व्होल्ट असतात या समजुतीत असतो. म्हणून खालच्या क्रमाने जा. आधी फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या तपासण्या आहेत. वायरिंग उघडण्याची वेळ खूप नंतर येते.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, २ ते १० अँपिअरचे फ्यूज, दहाचा पाना आणि २१ वॉटचा तारेचा एक बल्ब, होल्डरसकट, दोन वायरी जोडलेला. हा बल्ब मीटरइतकाच उपयोगी आहे. मीटर करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे एकाच धाग्यावर लोंबणारी वायरही त्याला ठणठणीत दिसते. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, आणि कच्चा जोड तिथे लगेच उघडा पडतो.

वायर कापायची किंवा जोडायची असेल तेव्हा आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. मोजमापाच्या वेळी मात्र बॅटरी जोडलेली आणि दिवा लागलेला हवा.

एलईडी काढा, जुना बल्ब लावून बघा

याला काहीच खर्च नाही, आणि निम्मा घोळ इथेच सुटतो. बल्बच्या जागी एलईडी लावला असेल तर तो काढून मूळ तारेचा बल्ब बसवा. बल्ब नीट लागला तर गाडीचं वायरिंग शाबूत आहे आणि दोष एलईडीत किंवा गाडी त्याला ज्या पद्धतीने वीज देते त्यात आहे. बल्बही मंद लागला, किंवा ब्रेक दाबल्यावर भलतंच काही पेटलं, तर एलईडी निर्दोष आहे. त्या दिव्याचं होल्डर किंवा अर्थिंग खराब आहे.

स्ट्रिपच्या बाबतीत उलटं करा. स्ट्रिप गाडीच्या वायरिंगपासून सोडवा आणि ३ अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून थेट बॅटरीला लावा. इंजिन सुरू करून पाच मिनिटं बघा. इथे लुकलुकली नाही तर स्ट्रिप ठीक आहे, नवी आणू नका.

पार्किंगच्या छोट्या टी-टेन एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते आणि होल्डरवर तशी खूण बहुतेक नसते. अजिबातच लागत नसेल तर काढून १८० अंशात फिरवून बसवा. त्याच्या बुडाशी दुमडलेल्या दोन बारीक तारा असतात. त्या चपट्या झाल्या असतील तर होल्डरच्या पट्ट्यांना टेकत नाहीत आणि खड्ड्यात दिवा मिचकावतो. नखाने किंचित बाहेर ओढल्या की पुरतं.

जोड हलवून बघा

दिवा लावून ठेवा आणि वायर हातात धरत, एकेका वितीवर हलवत पुढे सरका. कुणीतरी दिव्याकडे लक्ष ठेवायला असेल तर उत्तम.

पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड पहिले संशयित. प्लास्टिक टेपचा गोंद उन्हात तापलेल्या केबिनमध्ये वितळतो, टेप सरकतो आणि पीळ सैल होतो. दुसरे संशयित म्हणजे मूळ वायरवर चिमटा दाबून बसवायचे झटपट कनेक्टर. त्यांचं पातं वायरच्या मापाचं नसेल तर निम्मे धागे कापतं. उरलेल्या धाग्यांवर काही महिने काम चालतं, मग ओल शिरते आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. असा कनेक्टर उघडला आणि आत तांबं हिरवं किंवा काळं दिसलं तर पुसून परत लावू नका. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा.

तिसरी जागा सहसा कुणी बघत नाही: दार किंवा डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी. दिवसातून दहादा वाकून वायर आतल्या आत तुटते आणि वरचं आवरण मात्र धड राहतं. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून हलकेच ओढा. जिथे आवरण ताणलं जातं तिथे आत तांबं नाही.

दुरुस्तीसाठी योग्य मापाचा स्लीव्ह दाबून बसवणं आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवणं हा सगळ्यात टिकाऊ जोड. सोल्डर वाईट नाही, पण हलणाऱ्या जागी तो नको. सोल्डर वायरमध्ये जिथवर चढतो तिथे ती ताठ होते आणि नेमकी त्याच काठावर मोडते. उघड्या जागेतला जोड सिलिकॉनने बंद करणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचं घ्या. स्ट्रिप कापली की तिचं कापलेलं टोकही असंच बंद करायला लागतं, नाहीतर पाणी टोकातून शिरून आत सरकत जातं.

अर्थिंग मोजा, तेही दिवा लावून

लुकलुकणं आणि मंद उजेड या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच. तो चुकण्याचं कारण म्हणजे लोक तो ओहमवर मोजतात. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.४ ओहम असतो, मग अर्ध्या ओहमचा खराब जोड वेगळा कसा दिसणार? पण त्याच अर्ध्या ओहममधून २ अँपिअर गेले की पूर्ण एक व्होल्ट तिथे जिरतो. हा व्होल्ट मीटरला स्पष्ट दिसतो.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. दिवा लावा. काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर धरा, लाल प्रोब एलईडीच्या काळ्या वायरवर. आदर्श आकडा शून्य. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर पुढे चला. ०.३ च्या वर गेला तर अर्थिंग साफ करायलाच हवं, आणि एक व्होल्टच्या आसपास असेल तर तुमचं उत्तर सापडलं.

आता तो व्होल्ट नेमका कुठे जिरतो ते शोधायचं. लाल प्रोब वायरवरून उचला आणि तिच्या टोकाला दाबून बसवलेल्या गोल कडीवर, म्हणजे रिंग थिंबलवर, टेकवा. मग थिंबल ज्या बोल्टखाली आहे त्या बोल्टच्या डोक्यावर. मग शेजारी खरवडलेल्या बॉडीच्या पत्र्यावर. आकडा ज्या उडीत एकदम खाली येतो, दोष त्या दोन जागांच्या मध्ये आहे. वायरवर ०.९ आणि थिंबलवर ०.१ आला तर थिंबल नीट दाबलेली नाही. थिंबलवर ०.९ आणि पत्र्यावर ०.१ आला तर थिंबलखाली रंग आहे.

रंग हे फार नेहमीचं कारण. बोल्ट घट्ट असतो, बघायला सगळं ठीक असतं, पण थिंबल रंगावर बसलेली असते आणि करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जात असतो. पॉलिश पेपरने थिंबलच्या आकाराएवढा पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा म्हणजे गंज धरणार नाही. जेली आवळल्यानंतर लावायची.

जागा निवडतानाही विचार करा. बॉनेट किंवा डिकीच्या झाकणाला अर्थ दिलात तर करंट ग्रीस लावलेल्या बिजागरीतून परत येणार, आणि त्याचा भरवसा नाही. पत्र्यात स्क्रू पिळून केलेला अर्थ सुरुवातीला चालतो, मग थरथरीने भोक मोठं होतं. गाडीत कंपनीने दिलेले अर्थचे बोल्ट असतात, तेच वापरा. फक्त एअरबॅगच्या युनिटजवळचा बोल्ट सोडून.

अर्थ ठीक निघाला तर प्लसची बाजू याच पद्धतीने मोजा: एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा एलईडीच्या लाल वायरवर. इथे ०.५ व्होल्टच्या वर जिरत असेल तर स्विच, फ्यूजचं होल्डर किंवा बारीक वायर यांपैकी एक दोषी आहे.

गाडीत बारा व्होल्ट नसतात

तीन-तीन एलईडी एकत्र जाण्याचं कारण इथे आहे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर ते १३.८ ते १४.४ वर नेतो, थंडीत थोडं आणखी वर. बारा व्होल्टची म्हणून मिळणारी स्ट्रिप घरच्या अडॅप्टरच्या स्थिर बारा व्होल्टसाठी बनलेली असते.

दोन-चार व्होल्टने काय बिघडतं, तर हिशेब बघा. पांढऱ्या स्ट्रिपच्या एका तुकड्यात तीन एलईडी ओळीने आणि एक रेझिस्टर असतो. एका एलईडीवर साधारण ३.१ व्होल्ट, म्हणजे तिघांवर ९.३. रेझिस्टर १५० ओहमचा असेल तर बारा व्होल्टला त्याच्यावर २.७ व्होल्ट उरतात आणि करंट १८ मिलिअँपिअर होतो. आता १४.४ व्होल्ट द्या. एलईडी स्वतःवर जवळपास तेवढेच व्होल्ट घेतात, वाढलेलं सगळं रेझिस्टरवर येतं: ५.१ व्होल्ट, म्हणजे करंट ३० मिलिअँपिअरच्या वर. पुरवठा फक्त वीस टक्के वाढला, पण करंट जवळपास दुप्पट झाला आणि रेझिस्टरमधली उष्णता तिपटीच्या वर गेली. बंद केबिनमध्ये किंवा बंपरच्या आत हे तापमान साचतं आणि त्यातल्या एका एलईडीची आतली जोडणी तुटते. तिघे ओळीत असल्याने तिघेही जातात.

उपाय लोडवर ठरतो. एक अँपिअरच्या आत लोड असेल तर वन-एन-४००७ जातीचे तीन डायोड लाल वायरमध्ये लागोपाठ घाला, पांढरी पट्टी स्ट्रिपच्या दिशेला. प्रत्येकावर ०.७ ते ०.८ व्होल्ट जिरतात आणि १४.४ चे १२ च्या आसपास होतात. डायोड गरम होतात, म्हणून त्यांना कापडात किंवा फोममध्ये गुंडाळू नका. लोड याहून मोठा असेल तर बक-बूस्ट मॉड्यूल (येणारे व्होल्ट कमी असोत वा जास्त, ठरवलेलेच व्होल्ट देणारं सर्किट) घ्या आणि ते १२ ऐवजी ११.५ व्होल्टवर लावा. उजेडातला फरक डोळ्याला जाणवत नाही, स्ट्रिप मात्र कितीतरी गार राहते. साधा बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्ट फक्त कमी करणारा, इंजिन बंद असताना अडचणीत येतो, कारण त्याला इनपुट आउटपुटपेक्षा थोडं जास्त लागतं. इंजिन बंद आणि चालू असताना उजेड बदलतो ही तक्रार त्यातूनच येते.

बॅटरीच्या टर्मिनलवरच इंजिन चालू असताना १५ व्होल्टच्या वर आकडा दिसला, किंवा गाडीचे स्वतःचे दिवेही रेसबरोबर कमी-जास्त होत असले, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासून घ्या. तिथे एलईडीचा संबंध नाही.

आरजीबी स्ट्रिपचं एक वेगळं लक्षण: जवळच्या टोकाला पांढरा रंग स्वच्छ आणि लांबच्या टोकाला तांबूस. निळ्या-हिरव्या एलईडीला लाल एलईडीपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून वाटेत व्होल्टेज घटलं की आधी ते मंद होतात. वायर जाड घ्या किंवा दोन्ही टोकांना पुरवठा द्या.

इंडिकेटर भराभर टिकटिकतो

इथे बिघाड असा काहीच नाही. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकं. इंडिकेटर टिकटिकवणाऱ्या भागाला, म्हणजे फ्लॅशरला, वाटतं बल्ब गेला, आणि तो वेग वाढवून इशारा देतो. अपेक्षित वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा.

गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. लोड कितीही असो, तो वेग स्थिर ठेवतो. घेताना पिनांवरची बी, एल, ई ही अक्षरं जुन्या रिलेशी जुळवून बघा. दिसायला सारख्या रिलेमध्ये बी आणि एल उलटे असतात.

टिकटिक बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम (गाडीचे दिवे वगैरे सांभाळणारा छोटा संगणक), करत असेल तर बदलायला रिलेच नसतो. मग लोक सहा ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर समांतर लावतात. तो चालतो, पण माझ्या मते हा शेवटचा उपाय. १३.५ व्होल्टला तो सव्वादोन अँपिअर घेतो आणि ३० वॉट उष्णता टाकतो. अंगावरचा ५० वॉटचा आकडा तो धातूच्या मोठ्या पत्र्यावर आवळलेला असेल तेव्हाचा आहे. दुहेरी टेपने प्लास्टिकवर चिकटवला आणि हझार्ड दिवे अर्धा तास चालू राहिले तर प्लास्टिक वितळतं. पत्र्याला स्क्रूने लावा, वायरिंगच्या हार्नेसपासून दूर ठेवा, आणि ब्रेक किंवा पार्किंगच्या दिव्याला लावू नका, कारण ते सतत चालू राहतात. काही गाड्यांत बीसीएमच्या सेटिंगमध्ये बल्बचा प्रकार एलईडी असा बदलता येतो. ते शक्य असेल तर रेझिस्टरचा विचारही करू नका.

बंद केल्यावरही पेटलेला, किंवा भलताच दिवा

दिवा बंद असताना एलईडी अंधूक जळतो, कारण त्याला पेटायला काही मिलिअँपिअर पुरतात. बीसीएम बल्ब शाबूत आहे का ते तपासायला बारीक स्पंद पाठवत असतो. तारेच्या बल्बला ते जाणवतच नाहीत. एलईडीला समांतर एक किलो-ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावला की हा उरलासुरला करंट तिथून निघून जातो. हा रेझिस्टर तापत नाही.

केबिनच्या छतावरच्या दिव्यापासून पायाशी स्ट्रिप ओढली आणि ती कायम लागलेलीच राहिली, तर वेगळं कारण बघा. पुष्कळ गाड्यांत दाराचा स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. प्लस कायम असतं, दार उघडलं की निगेटिव्ह जोडलं जातं. तुम्ही स्ट्रिपची काळी वायर बॉडीला दिली असेल तर स्विचला काही कामच उरलं नाही. काळी वायर छताच्या दिव्याच्या निगेटिव्हला जोडा. स्ट्रिपचा लोड मोठा असेल तर मध्ये रिले घाला.

जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर डाव्या-उजव्या इंडिकेटरसाठी एकच छोटा दिवा असतो. तो दोन्ही बाजूंच्या मध्ये जोडलेला असतो आणि परतीची वाट विरुद्ध बाजूच्या बल्बच्या तारेतून घेतो. तिथे एलईडी आले की दोन्ही बाजू एकदम लुकलुकतात. त्या दिव्याला दोन्ही बाजूंनी एकेक डायोड देऊन त्याचं निगेटिव्ह वेगळं बॉडीला द्या.

सगळं ठीक, तरी थरथरतो

अर्थ चांगला, जोड पक्के, थेट बॅटरीवर एलईडी शांत, पण जागेवर बसवला की थरथर. आता संशय पीडब्ल्यूएमचा. बीसीएम सेकंदाला शंभर-दोनशे वेळा पुरवठा चालू-बंद करून बल्बचा उजेड ठरवतो. तार तापलेली राहते म्हणून तिचा उजेड स्थिर दिसतो. एलईडी तेवढ्या वेळा खरोखर विझतो. मीटरवर याची खूण म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि दिव्याच्या प्लसवर ७ किंवा ९ असा मधलाच आकडा.

अशा वायरवर रिले लावू नका, तो नुसता गुणगुणतो आणि त्याचे पॉइंट जळतात. मोठा कपॅसिटर घरी जोडणंही धोक्याचं. सुरुवातीला तो इतका करंट ओढतो की बीसीएमला शॉर्ट वाटून ते आउटपुटच बंद करतं. गाडीच्या मॉडेलला जुळणारा तयार कॅन-बस डिकोडर (बीसीएम आणि एलईडीच्या मध्ये लावायची डबी) वापरा. नुसती सजावटीची स्ट्रिप असेल तर ती वायर सोडूनच द्या आणि इग्निशनवर चालणारी साधी फ्यूजची जागा शोधा.

फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतून जादा वायर काढून देणारा जोड) बसवतानाही बाजू असते. फ्यूज काढून रिकाम्या जागेतली कोणती पट्टी जिवंत आहे ते मीटरने बघा. तुमच्या वायरच्या फ्यूजला थेट त्या पट्टीवरून पुरवठा मिळायला हवा. उलटा बसला तर तुमचा लोड मूळ फ्यूजमधूनही जातो, आणि तो उडाला की गाडीचं मूळ उपकरणही बंद.

फ्यूज कधीमधी उडतो

पहिला नियम: मोठा फ्यूज टाकायचा नाही. फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरला ५ अँपिअरच्या वर जाऊ नका. दर मीटर लांबीला १४.४ वॉट घेणारी स्ट्रिप एकूण सव्वा मीटर लावली तर बारा व्होल्टला दीड अँपिअर होतात, रेग्युलेटरशिवाय गाडी चालू असताना त्याहून बरेच जास्त. तिथे ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज योग्य. ५ चा बदामी, साडेसातचा तपकिरी, १० चा लाल. फ्यूज पुरवठ्याच्या टोकाला, बॅटरीपासून वितीभराच्या आत हवा. स्ट्रिपजवळ लावलेला फ्यूज मधल्या सगळ्या वायरला काहीच संरक्षण देत नाही.

शॉर्ट शोधायला तो २१ वॉटचा बल्ब काढा. उडालेल्या फ्यूजच्या दोन पट्ट्यांमध्ये तो जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या पुढे जात नाही, त्यामुळे वायर जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. आता एकेक फांदी सोडवत जा. जी सोडवल्यावर बल्ब विझतो किंवा अगदी मंद होतो, शॉर्ट तिच्यात आहे. कधीमधी येणाऱ्या शॉर्टसाठी बल्ब तसाच ठेवून दारं उघडा-मिटा, सीट पुढे-मागे करा, वायर हलवा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर ग्रोमेटशिवाय, म्हणजे भोकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी कडीशिवाय, काढली असेल तर बहुधा तिथेच आवरण कापलं गेलेलं सापडेल. ही युक्ती फक्त तुम्ही ओढलेल्या दिव्याच्या सर्किटवर करा. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिन कंट्रोलच्या फ्यूजवर कधीच नाही.

बॅटरी उतरते

बंद गाडी ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेते, ते ठीक. तुमची स्ट्रिप किंवा तिचा रिमोटचा कंट्रोलर कायमच्या प्लसवर असेल तर तो बंद दिसत असतानाही काहीतरी घेतच असतो. एकूण ३०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला सव्वासात अँपिअर-तास, म्हणजे ४५ अँपिअर-तासाची बॅटरी तीन दिवसांत जवळपास अर्धी.

मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून बॅटरीचं निगेटिव्ह आणि तिची केबल यांच्या मध्ये जोडा. दाराचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. अर्धा ते एक तास थांबा, कारण सगळी मॉड्यूलं झोपायला तेवढा वेळ लागतो. मग तुमचा फ्यूज काढा आणि आकडा किती पडतो ते बघा. मीटर जोडलेला असताना इग्निशन चालू करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. उपाय सोपा आहे: पुरवठा इग्निशनवर घ्या.

रेडिओची खरखर आणि रिमोट लॉकचा पल्ला कमी होणं हे स्वस्त ड्रायव्हरमुळे, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमुळे, होतं. ड्रायव्हर अँटेनाच्या वायरपासून दूर न्या, दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, ड्रायव्हरजवळ फेराइटची क्लिप लावा. तरीही राहिली तर धातूच्या डबीतला चांगला ड्रायव्हर घ्या.

कुठे थांबायचं

पिवळं आवरण किंवा पिवळे कनेक्टर म्हणजे एअरबॅग. स्टिअरिंगखाली, सीटखाली आणि पुढच्या काचेच्या खांबात ते असतात. तिथे मीटरचा प्रोबही लावू नका. नारिंगी जाड केबल म्हणजे हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीची उच्च दाबाची वायर, तिच्या आसपास काम करायचंच नाही.

तुमची सगळी वायर सोडवूनही फ्यूज उडत असेल, जळका वास येत असेल, कामानंतर एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा लागून राहिला असेल, तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. मूळ बल्ब लावूनही एखादा दिवा अजिबात लागत नसेल आणि फ्यूज शाबूत असेल, तर बीसीएमने शॉर्टनंतर ते आउटपुट बंद केलेलं असू शकतं. ते स्कॅनरशिवाय उघडत नाही. अंदाजाने वायर बदलत बसलात तर नुकसान वाढतं.

हॅलोजनच्या हेडलॅम्पमध्ये एलईडी घालून समोरच्याला झगमगाट होत असेल तर तो वायरिंगने सुटणारा प्रश्न नाही. तो रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेसाठी बनलेला असतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि अनेक ठिकाणी ते बेकायदाही आहे. मूळ बल्ब परत लावा आणि हेडलॅम्पचा रोख तपासून घ्या.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना काढलेले जुने बल्ब आणि रिले बरोबर न्या. कागदावर साधी आकृती काढा: पुरवठा कुठून घेतला, फ्यूज किती अँपिअरचा, अर्थ कोणत्या बोल्टला, वाटेत जोड कुठे कुठे. वर मोजलेले व्होल्टचे आकडेही त्यावर लिहा, इंजिन बंद असतानाचे वेगळे आणि चालू असतानाचे वेगळे.